पोट लहान झाले, पण जिभेचे काय?

१४ एप्रिल २०२४ ची गोष्ट. मनमाडच्या आमच्या वस्तीत जयंतीची मिरवणूक निघायची होती. दिवसभर कडक ऊन होते. संध्याकाळी चौकात मंडप, मंडपाच्या कडेला सरबताचे पिंप आणि परातीत बुंदीचे लाडू. माझी थोरली बहीण, जिला सारी वस्ती 'ताई' म्हणते, पांढरी साडी नेसून बायकांच्या रांगेत उभी होती. कोणी तिच्या हातावर लाडू ठेवला, कोणी सरबताचा ग्लास दिला. ताईचे वजन कमी करण्याचे ऑपरेशन होऊन चौदा महिने झाले होते. तिने अर्धा लाडू खाल्ला आणि ग्लासभर सरबत घेतले.

पंधरा-वीस मिनिटे झाली असतील, ताईचा चेहरा एकदम पांढरा पडला. दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली, पोटात मुरडा आला. ती मंडपाच्या पायरीवरच बसली. भोवती गर्दी जमली. कोणी म्हणाले ऊन लागले, कोणी म्हणाले बी.पी. वाढले. एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "एवढी बारीक झाली, नजर लागली असंल पोरीला." आणि मी, तिचा शहाणा भाऊ, ओरडलो, "साखर कमी झाली असेल, सरबत आणा!" दुसरा ग्लास मीच तिच्या तोंडाला लावला. त्यानंतर तिचे जे हाल झाले, ते आठवले की आजही मला माझीच लाज वाटते.

दोन दिवसांनी पंचवटी एक्स्प्रेसने आम्ही मुंबईच्या इस्पितळात गेलो. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, "पहिल्या ग्लासाने जो त्रास झाला, त्यावर तुम्ही दुसरा ग्लास दिलात?" मी मान खाली घातली. आगीत तेल ओतणे म्हणतात ते यालाच.

वाचक बंधू-भगिनींनो, मी डॉक्टर नाही. बी.कॉम. होऊन कचेरीत कारकुनी करणारा माणूस आहे. पण त्या दिवसापासून पुढचे वर्षभर आमच्या घराने जे शिकून घेतले, ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख लिहीत आहे. हे ऑपरेशन म्हणजे पैसेवाल्यांचे काम, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. आता तसे राहिलेले नाही. काही सरकारी इस्पितळांतही ही ऑपरेशने होतात. आपल्याही घरांत मधुमेह आहे, झिजलेले गुडघे आहेत, झोपेत श्वास अडकणारी माणसे आहेत. नगरपालिकेच्या शाळेत शिपाई असलेल्या माझ्या बहिणीने पतपेढीचे कर्ज काढून हे ऑपरेशन करून घेतले. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. म्हणून ते ऑपरेशन वाया जाणे आम्हाला परवडणारे नव्हते.

ऑपरेशनात होते काय?

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारची ऑपरेशने होतात. पहिल्या प्रकाराला 'स्लीव्ह' म्हणतात. त्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी तेवढी ठेवतात. दुसरा प्रकार 'बायपास'. त्यात जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम दोन मोठे चमचे मावतील एवढी छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. या बायपासची सुरुवात अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातले सर्जन डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली केली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायकांचे वजन सहसा वाढत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्यातून पुढे सुधारणा होत होत आजची पद्धत आली. ताईचे ऑपरेशन बायपासचे.

आपल्या जठराला खाली एक दार असते. खाल्लेले अन्न ते थोडे थोडे करून आतड्यात सोडते. बायपासमध्ये अन्न त्या दारातून जातच नाही. त्यामुळे सरबत किंवा लाडवाचा पाक एकदम आतड्यात जाऊन पडतो. एवढी साखर एकाच वेळी आली की आतडे रक्तातले पाणी आपल्याकडे ओढते. मग पोट फुगते, मुरडा येतो, जुलाब होतात, छाती धडधडते, घाम फुटतो, चक्कर येते. याला डॉक्टर 'डंपिंग' म्हणतात. हे खाल्ल्यापासून साधारण दहा मिनिटे ते तासाभराच्या आत होते. स्लीव्हमध्ये ते दार शाबूत असल्याने हा त्रास त्या मानाने कमी होतो.

दुसरा त्रास उशिरा, म्हणजे एक ते तीन तासांनी येतो. साखर झटकन रक्तात गेली की शरीर घाबरून गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडते, आणि चढलेली साखर तितक्याच वेगाने खाली येते. हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, खूप भूक लागते. हा प्रकार बहुधा ऑपरेशन होऊन वर्ष उलटल्यावर सुरू होतो.

हे दोन्ही त्रास दिसायला सारखे, पण उपाय वेगळे. आमची चूक झाली ती इथेच. खाल्ल्याबरोबर लगेच त्रास झाला तर माणसाला आडवे पडू द्यावे, गर्दी हटवावी, गोड काहीही देऊ नये. बहुधा तास-दोन तासांत उतार पडतो. दोन-तीन तासांनी थरथर सुटली तर बोटातून रक्ताचा थेंब घेऊन यंत्रावर साखर तपासावी. ७० च्या खाली असेल तर डॉक्टरांनी सांगून ठेवले असेल तेवढेच ग्लुकोज द्यावे आणि साखर वर आली की अंडे, दूध किंवा फुटाणे असे काही खायला द्यावे. नाहीतर चढउताराचा तोच खेळ पुन्हा सुरू होतो. माणूस बेशुद्ध असेल किंवा गुंगीत असेल तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठावा. साखर तपासण्याचे यंत्र मेडिकलच्या दुकानात मिळते. आमच्या गल्लीत आता चार घरांत मिळून एक आहे.

तांदळाच्या डब्यातला पुडा

मुंबईहून परत आलो त्याच आठवड्यात दुसरा प्रकार घडला. ताईची सून तांदूळ काढायला गेली तर डब्यात ग्लुकोज बिस्किटांचे दोन पुडे सापडले. एक अर्धा संपलेला. घरात कल्लोळ झाला. मुलगा म्हणाला, "आई, लाखाचं कर्ज काय बिस्किटं खायला काढलं का आपण?" सुनेने मला बोलावून घेतले. मीही चार शब्द सुनावले. ताई भिंतीला टेकून बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, डॉक्टरांनी माझं पोट कापलं, जीभ नाही कापली."

यावर कोणालाच काही बोलता येईना.

ऑपरेशनच्या आधी ताईचे वजन ११२ किलो होते. इन्सुलिन चालू होते. शाळेचे दोन जिने चढायला तिला तीनदा थांबावे लागे. वर्षभरात वजन ७७ किलोवर आले, डॉक्टरांनी इन्सुलिन बंद केले. आम्ही सगळे हरखलो आणि मग निर्धास्त झालो. मधुमेह गेला, आता थोडे गोड चालेल, असे तिला आम्हीच म्हणू लागलो. प्रत्यक्षात मधुमेह जात नाही, दबून राहतो. वजन वाढले की पुन्हा डोके वर काढतो. त्या एप्रिलमध्ये काट्यावर ८१ आकडा आला होता. कुणाच्या लक्षात यायच्या आत चार किलो परत आले होते.

एक प्रश्न मला पडला होता. गोडाने एवढा त्रास होतो तर ताई बिस्किटे कशी खात होती? उत्तर तिनेच दिले. एकदम खाल्ले की त्रास होतो, हे तिला कळले होते. म्हणून ती एक बिस्कीट चहात बुडवून खायची, तासाभराने दुसरे. डंपिंगचा पहारा तिने असा चुकवला होता. स्लीव्ह झालेल्या माणसाला तर हा पहाराही फारसा नसतो.

इच्छा परत का येते?

आहारतज्ज्ञ बाईंनी जे समजावून सांगितले, ते प्रत्येक घराने ऐकण्यासारखे आहे. जठराच्या वरच्या भागात भूक लावणारे 'घ्रेलिन' नावाचे एक संप्रेरक तयार होते. ऑपरेशननंतर ते बरेच कमी होते, खास करून स्लीव्हमध्ये. त्यामुळे पहिले सहा महिने ते वर्षभर भूकच लागत नाही, कित्येकांना गोड नकोसेही होते. माणसाला वाटते, आपण जिंकलो. पण शरीर हळूहळू नव्या व्यवस्थेला सरावते. भूक परत येते, जुन्या सवयी जाग्या होतात. यात माणूस वाईट झाला, मनाने दुबळा ठरला, असे काही नसते.

दुसरे कारण सोपे असूनही आमच्या ध्यानात आले नव्हते. लहान पोटात भाकरी अडते. मटणाचा तुकडा नीट चावला नाही तर छातीत दाटतो, ओकारी येते. उलट चहात बुडवलेले बिस्कीट, टोस्ट, शिरा, आइस्क्रीम अलगद उतरते. जे त्रास देते ते माणूस टाळतो, जे सुखाने उतरते तिकडे वळतो. म्हणजे ऑपरेशन झालेल्या माणसाला जे हवे ते खाणे अवघड जाते आणि जे नको ते सोपे जाते. दहा बाय दहाच्या खोलीत आधी पाहुणे येऊन पसरले तर घरच्या माणसाने झोपायचे कुठे? तसेच या पोटाचे आहे. बिस्किटाने जागा अडवली की डाळीला, अंड्याला जागा उरत नाही.

आमची जमाखर्चाची वही

रागावून काही होणार नाही हे कळल्यावर मी माझ्या धंद्यातली युक्ती काढली. दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले. वेळ, काय खाल्ले, पाणी किती प्यायले, गोडाची इच्छा कधी झाली, आणि त्या वेळी मनात काय होते. ताईला एकच अट घातली. वहीत खोटे लिहायचे नाही. आणि घरच्यांना एक अट घातली. वही वाचून कोणी बोलायचे नाही. बिस्कीट खाल्ले तर बिस्कीट लिहायचे, बस्स.

तीन आठवड्यांनी मी बेरीज मांडली. चोरी कुठे होते ते वही लगेच सांगते, हा कचेरीतला अनुभव इथेही आला.

पहिली गोष्ट, निम्म्याहून जास्त नोंदी दुपारी चार ते सहाच्या होत्या. ताई सकाळी चहा-टोस्ट घेऊन शाळेत जायची, दुपारी चार घास डाळ-भात खायची आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत काही नाही. म्हणजे ती इच्छा जिभेची कमी आणि रिकाम्या पोटाची जास्त होती.

दुसरी गोष्ट प्रथिनांची. अशा ऑपरेशननंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. ताईची बेरीज तिशीच्या आतच अडकत होती. प्रथिने कमी पडली की पोट भरल्यासारखे राहत नाही, आणि मग झटपट ताकद देणारे गोड हवेहवेसे वाटते.

तिसरी गोष्ट पाण्याची. जेवताना पाणी प्यायचे नाही असे डॉक्टरांनी सांगितले होते. ताईने मधल्या वेळेतही पिणे सोडले होते. तहानेलाच ती भूक समजत होती.

चौथी गोष्ट मला अपेक्षित नव्हती. रात्री दहाच्या सुमारासच्या बऱ्याच नोंदी होत्या, आणि मनाच्या रकान्यात ताईने एकच शब्द लिहिला होता, 'यांचा चहा'. माझे भावोजी रेल्वेत होते. दुसऱ्या पाळीहून ते दहाला घरी येत आणि दोघे मिळून गोड चहा घेत. २०२१ च्या कोरोनात भावोजी गेले. चहाची वेळ तेवढी राहिली. ही नोंद वाचल्यावर मी वही मिटून ठेवली. त्या दिवशी मला कळले की डब्यातला पुडा फेकून देऊन हे सुटणारे नव्हते.

घराने काय बदलले

पहिल्यांदा चहा. आमच्या घरांत दिवसाला पाच कप चहा होतो आणि कपाला दोन चमचे साखर. दहा चमचे म्हणजे साधारण ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो साखर एका माणसाच्या पोटात, तीही नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले आहे की धडधाकट माणसानेही वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या, म्हणजे पाच-सहा चमच्यांच्या आत ठेवावी. हा हिशेब मी साऱ्या घराला मांडून दाखवला. एकट्या ताईचा चहा फिका करायचा नाही, सगळ्यांचाच करायचा, असे ठरले. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी. महिनाभराने ताईचा चहा बिनसाखरेचा झाला, बाकीच्यांचा अर्ध्या चमच्यावर आला. कपही पाचाचे तीन झाले. नातू पहिल्यांदा कुरकुरला. आता बाहेरचा चहा त्यालाच फार गोड लागतो.

मग प्रथिने. डबाबंद पावडरी महाग, म्हणून आम्ही घरातलाच हिशेब मांडला. दोन अंडी १२ ग्रॅम, एक ग्लास दूध ८, वाटीभर घट्ट डाळ ६ ते ७, मूठभर सोयाबीनच्या वड्या म्हणजे कोरड्या २५ ग्रॅम असतील तर १३, मूठभर फुटाणे ६, आणि शिजलेल्या चिकनचे किंवा मासळीचे तीन-चार लहान तुकडे १५ ते १८. बेरीज साठीच्या पुढे जाते. सुकट-बोंबीलही प्रथिनांना चांगले, पण त्यात मीठ फार. धुऊन घ्यावेत आणि बी.पी. असणाऱ्यांनी जपून खावेत. मटण अडते म्हणून खिमा करावा. ज्यांना दूध सोसत नाही त्यांनी दही घ्यावे.

ताटातला क्रमही बदलला. आधी अंडे, डाळ किंवा मासळी, मग भाजी, शेवटी जागा उरली तर भाकरी-भात. घास लहान, वीस-पंचवीस वेळा चावून, आणि जेवणाला वीस मिनिटे ते अर्धा तास. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट पाणी, दिवसभरात दीड-दोन लिटर. चार वाजता शाळेतच खायला फुटाण्याची पुडी किंवा उकडलेले अंडे सुनेने डब्यात द्यायला सुरुवात केली. ज्या दिवशी पुडी खाल्ली, त्या दिवशी संध्याकाळची नोंद बहुधा कोरी राहू लागली.

इच्छा झालीच तर ती दाबायची नाही, थांबवून धरायची. ग्लासभर पाणी घोट घोट प्यायचे, चूळ भरायची, गल्लीत फेरी मारायची. पंधरा-वीस मिनिटांत लाट बहुतेक वेळा ओसरते. नाही ओसरली तर जेवणाच्या शेवटी एखादी फोड फळ खायचे, तेही चावून. रस काढून नाही.

आणि रात्रीचे दहा. त्या वेळेला नातवाने आजीचा ताबा घेतला. तो पाढे म्हणतो, ती चुका काढते. समोर दोन कप असतात, तिच्या कपात नुसते आल्याचे गरम पाणी. वेळ तीच राहिली, साखर गेली.

गोडाचे वेष घेऊन येणारे

काही सापळे सांगून ठेवतो. गूळ, मध, खडीसाखर हे 'नैसर्गिक' म्हणून दिले जाते. या पोटाला ती साखरच. 'शुगर फ्री' मिठाईतही खवा आणि तूप असतेच, आणि गोडीसाठी वापरलेल्या काही पदार्थांनी पोटात वायू धरतो, जुलाब होतात. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडीवर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे. शिवाय जीभ गोडाला सोकावलेलीच राहते.

आजारी माणसाला 'ताकद' यावी म्हणून दुधात घालायची गोड भुकटी आपण हौसेने नेतो. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितले. नाव काहीही असो, पाकीट उलटे करून साखर किती ग्रॅम ते वाचावे. ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, कॉर्न सिरप ही त्याच घराण्यातली नावे आहेत.

पुरुषांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या ऑपरेशननंतर दारू फार लवकर आणि फार जोराने चढते. खाण्यातले सुख गेले म्हणून काही जण पेल्याकडे वळतात आणि पूर्वी कधी न पिणाराही व्यसनात अडकतो. एक सवय सुटताना दुसरी दारातून आत येत नाही ना, यावर घरच्यांनी नजर ठेवावी.

आणि बर्फ, माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटू लागले तर ते जिभेचे चोचले समजू नयेत. बहुधा ती लोहाच्या कमतरतेची खूण असते. ऑपरेशननंतर लोह, बी-१२, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि ठरलेल्या वेळी रक्त तपासावे लागते. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. मधुमेहाच्या औषधांत आपल्या मनाने काही बदल करू नये.

आपल्या आग्रहाचे काय करायचे?

शेवटी जी गोष्ट एकट्या माणसाच्या हातात नाही ती. आपल्याकडे निकाल लागला की पेढे, बारसे असले की पेढे, नोकरी लागली की पेढे, पौर्णिमेला खीर. गोड देणारा माणूस प्रेमानेच देतो. 'एवढंसं घ्या, काय होतंय' हे वाक्य मी स्वतः हजार वेळा म्हटले असेल. ज्या घरांत एकेकाळी सणालाही साखर दिसत नव्हती, त्या घरांतल्या माणसाला दुसऱ्याचे तोंड गोड करण्यात केवढा आनंद वाटतो, हे मला कळते. माझ्या आईला तो वाटायचा. पण ज्याच्या पोटात दोन चमचे मावतात, त्याला केलेला आग्रह हे प्रेम राहत नाही. त्याला 'नाही' म्हणायला लावून चारचौघांत अवघडून टाकणेही बरे नाही.

ताईने यावर आपली रीत बसवली आहे. ती पेढा नाकारत नाही. दोन्ही हातांनी घेते, "नातवाला नेते" म्हणते आणि पिशवीत ठेवते. देणाऱ्याचा मान राहतो, तिचे पोटही राहते.

१४ एप्रिल २०२५ च्या जयंतीआधी मंडळाच्या बैठकीत मी हा विषय मांडला. दोघे-तिघे हसले. एक कार्यकर्ता म्हणाला, "साहेब, आता लाडूवरही बंदी आणता काय?" मी म्हटले, बंदी नको, शेजारी दुसरे टेबल लावा. पहिल्यांदा कोणी उत्तर दिले नाही. मग वस्तीतल्या मधुमेहवाल्यांची नावे कुणीतरी मोजू लागला. बारा-तेरा नावे झाल्यावर मोजणे थांबले आणि टेबल मंजूर झाले. त्या संध्याकाळी सरबताच्या पिंपाशेजारी बिनसाखरेच्या ताकाचे पिंप होते आणि लाडवांच्या परातीशेजारी उकडलेल्या हरभऱ्यांची परात. हरभरे आधी संपले.

सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. ताई अजून अधूनमधून घसरते. मध्यंतरी एका लग्नात जिलबी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच वहीत लिहून मला दाखवली. मी वाचले, खाली तारीख घातली आणि वही परत दिली. वजन ७८ वर टिकून आहे. तांदळाच्या डब्यात आता तांदूळच असतात.

ज्यांच्या घरी असे ऑपरेशन झालेले माणूस आहे, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. सर्जनने त्याचे काम दोन-तीन तासांत केले. पुढचे काम घराचे आहे आणि ते रोजचे आहे. पुडा सापडला तर ओरडू नका. आधी विचारा, आज चार वाजता काही खाल्ले होते का? पाणी प्यायले का? आणि रात्री दहाला जवळ कोणी होते का?